पंचेचाळीस दिवसांचा मासा

फ्रिजमध्ये ठेवलेल्या माशातलं सत्त्व किती दिवस टिकतं, हा प्रश्न मी विचारायलाच नको होता. तो विचारायला लायक माणसं जगात पुष्कळ असतील. त्यांतला मी नव्हे, हे मला आधीही अंधूक जाणवत होतं. आता तर लेखी पुराव्यासकट माहीत झालं आहे. अडतीस वर्षं मी ग्रंथालयाच्या देवघेवीच्या खिडकीमागे बसलो. मासा मला माहीत तो ताटात आडवा पडलेला, आणि तोही काटे कुणी काढून दिले तर.

पण डॉक्टरांनी मासाच सांगितला. हिच्या पोटाचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता आणि वजन भरलं एक्केचाळीस किलो.

"आजी, दोन महिन्यांत चव्वेचाळीस हवेत," डॉक्टर म्हणाले. "नाही झाले तर पुन्हा दाखल करून नळीने अन्न द्यावं लागेल. मला हौस नाही, पण इलाज नाही. गोड्या पाण्यातला मासा खा. पचायला हलका, अंगी लागणारा. रोज."

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "त्या दवाखान्यात मला तीन आठवडे 'सतरा नंबर' म्हणून हाक मारली. पुन्हा तिथे जायचं नाही मला. नळीपेक्षा मासाच काय, त्याचा गळसुद्धा गिळीन."

आता आमच्याकडे तळ्यातला मासा येतो तो बुधवारी. बाकीचे सहा दिवस तळं आणि मासळीवाली दोघंही विश्रांती घेतात. म्हणून मी बुधवारी आठवड्याचे मासे आणून बर्फाच्या कप्प्यात रचू लागलो. पहिला आठवडा फार सुखात गेला. हिने दोन वेळा मागून घेतलं. इथेच मी थांबायला हवं होतं. पण सुखात असताना वाचायची मला वाईट खोड आहे.

ग्रंथालयात आता माझी जागा खिडकीच्या अलीकडे, वाचकांत. तिथे एका जाडजूड नियतकालिकात गोठवलेल्या माशांवर लेख होता. सोळा तक्ते, चार आलेख. माशातला स्निग्धांश थंडीतही हळूहळू खवट होतो, प्रथिनांची पाणी धरून ठेवायची ताकद जाते, आणि मासा वितळताना जे पाणी गळतं त्यातून जीवनसत्त्वं आणि क्षार वाहून जातात, असं त्यात होतं. किती वाहून जातात, ते तक्ता क्रमांक अकरात होतं, आणि तक्ता क्रमांक अकराचं पान कुणीतरी फाडून नेलं होतं.

अडतीस वर्षं मी पानं फाडणाऱ्यांना मनातल्या मनात शाप देत आलो. त्या दिवशी ओठ हलले असावेत, कारण शेजारचा वाचक उठून दुसऱ्या टेबलावर गेला.

घरी येऊन मी हिला सांगितलं, की या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत गोठवलेला मासा बंद. बुधवारी ताजा, बाकीचे दिवस अंडं आणि दूध. सत्त्व गेलेला मासा खाऊन पोट भरायचं आणि वजन मात्र जागच्या जागी, असं नको.

"अहो, मासा थांबवून ठेवला तर बिघडतो म्हणता," ही म्हणाली. "आणि बायको थांबवून ठेवली तर?"

या मुद्द्यावर त्या लेखात काहीच नव्हतं.

आमच्या इमारतीत गोष्ट भिंतीतून जाते. संध्याकाळपर्यंत समोरच्या वहिनी आल्या. या वहिनींनी सत्तावीस वर्षं एका वसतिगृहाचं स्वयंपाकघर चालवलं आहे. तीनशे पोरींना दोन वेळा जेवू घालणाऱ्या बाईचा आवाज असावा तसाच त्यांचा आवाज आहे.

"भाऊजी, मासा आत गेला की सत्त्व आपोआप अंगात जातं. त्याला वाट दाखवायला तुम्ही नको."

मागोमाग तळमजल्यावरचा बर्फ्या आला. तो फ्रिज दुरुस्त करतो, म्हणून बर्फ्या. त्याच्या आईनेही आता दुसरं नाव टाकून दिलं आहे. "काका, दोष माशाचा नाही, तुमच्या फ्रिजचा. त्याचं दार बंद होतं असं तुम्हाला वाटतं, एवढंच. माझ्याकडे मोठा फ्रीझर आहे, गिऱ्हाईक न्यायलाच येत नाही. तिथे ठेवा. आत हिमालय आहे."

वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर जिन्यातूनच म्हणाले, की एवढं कशाला, मासा नाकाला लावून बघायचा. त्यांना गेली दहा वर्षं वास येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यांच्याशिवाय.

मला मात्र आकडा हवा होता. आणि आकडा मिळतो अन्नतपासणी प्रयोगशाळेत.

प्रयोगशाळा सरकारी आहे. दर्शनी खोलीत एक लांब टेबल, टेबलामागे एक कारकून, आणि कारकुनामागे "शांतता राखा" अशी पाटी, जिच्याखाली एक पंखा जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"विक्रेते की ग्राहक?" कारकुनाने विचारलं.

"नवरा," मी म्हणालो. मला प्रश्नांची घाईघाईने उत्तरं देता येत नाहीत.

त्याने वर पाहिलं, उसासा टाकला आणि 'इतर'वर खूण केली. "तक्रार काय?"

"तक्रार नाही. मला फक्त जाणून घ्यायचंय, की..."

"आजोबा, रकाना सहा. तक्रारीचं स्वरूप. तो रिकामा असला की नमुना घेता येत नाही."

"पण तक्रार नसेल तर?"

"मग तुमचं बरं चाललंय. घरी जा."

मासळीवालीविरुद्ध लिहावं, तर ती बिचारी मला दर वेळी एक लहान मासा वर टाकून देते. कुणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? शेवटी मी लिहिलं: 'साठवलेल्या माशाच्या पोषणमूल्याबाबत शंका.' रकाना सात होता 'ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या इसमाचे नाव व पत्ता.' मासे साठवले कुणी? मी. प्रामाणिकपणे स्वतःचं नाव आणि पत्ता लिहिला. कारकुनाने न वाचता शिक्का मारला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. फरक इतकाच, की मी हात दाखवायला स्वतः रांगेत उभा राहिलो होतो.

मग प्रयोग सुरू झाला. एकाच बुधवारचे दहा मासे. एक त्याच दिवशी प्रयोगशाळेत दिला, बाकीचे नऊ बर्फ्याच्या फ्रीझरमध्ये. तीन पंधराव्या दिवशीचे, तीन तिसाव्या, तीन पंचेचाळिसाव्या. प्रत्येक पिशवीवर मी ग्रंथालयाच्या पद्धतीने लेबल लावलं: दाखल क्रमांक, दाखल दिनांक, परतीचा दिनांक. ही लेबलं इतकी नेटकी झाली, की मी बर्फ्याचा फ्रीझर विनाकारण तीन वेळा उघडून पाहिला. चौथ्या वेळी तो म्हणाला, "काका, पोषणमूल्य दारातून चाललंय."

पंधराव्या दिवशी पहिली पिशवी घेऊन मी बसने निघालो. मासा वितळू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळला होता. पण बस वळणावर थांबली ती पाऊण तास. माझ्या शेजारी पांढऱ्या विजारीतले एक गृहस्थ डुलकी घेत होते. माझी कापडी पिशवी आधी ओली झाली, मग गळू लागली, आणि मग मला दिसलं, की ती त्यांच्या मांडीवर गळते आहे. कुणालाही विजारीची काळजी वाटली असती. माझ्या मनात आलं ते असं: आमचं ब-जीवनसत्त्व चाललं!

मी हळूच पिशवीखाली रिकामा डबा धरला. गृहस्थ जागे झाले. त्यांनी मांडीकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"हे काय करताय?"

"गोळा करतोय," मी म्हणालो.

ते पुढच्याच थांब्यावर उतरले. तो त्यांचा थांबा नसावा, कारण बस निघाली तेव्हा ते तिथेच उभे राहून पुढच्या बसची वाट पाहत होते.

प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञ बाईंनी मासा आणि डबा दोन्ही घेतलं. तरुण, शांत बाई. डब्यातल्या पाण्याबद्दल त्या हसल्या नाहीत, हे मी आयुष्यभर विसरणार नाही.

इकडे घरी मात्र माझा जीव टांगणीला लागला होता. ही अंड्याकडे बघायची आणि ताट सरकवायची. "भूक नाही हो." दूध अर्धा पेला. मला वाटायचं, माझ्या शास्त्रापायी हिला पुन्हा 'सतरा नंबर' व्हावं लागणार. मी म्हणायचो, राहू दे तो प्रयोग, उद्यापासून गोठवलेलाच मासा कर. तर हीच म्हणायची, "छे छे, हाती घेतलंय तर तडीस न्या. तुम्ही आपले दुपारी ग्रंथालयात जा, वाचून या. बारा ते तीन. घाई करू नका."

चाळीस वर्षांच्या संसारात हिने माझ्या वाचनाला एवढा पाठिंबा कधी दिला नव्हता. मला भरून आलं. मी साडेतीनपर्यंत थांबू लागलो.

विसाव्या दिवशी निरीक्षक आले. माझी तक्रार फायलींतून सरकत सरकत त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. त्यांनी दारावर नोटीस चिकटवली: 'सदर पत्त्यावर साठवलेल्या मासळीबाबत तक्रार प्राप्त.' मग आत येऊन म्हणाले, "आरोपीला बोलवा."

"मीच."

"बरं. आणि तक्रारदार? पत्ता इथलाच दिसतोय."

"तोही मीच."

निरीक्षक खुर्चीवर बसले. पाणी प्यायले. "आजोबा, तुमच्यात काही वाद आहे का?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकून ते म्हणाले, की समज आरोपीला द्यायची असते आणि आश्वासन तक्रारदाराला. तेव्हा त्यांनी आधी मला समज दिली, मग मला आश्वासन दिलं, आणि दोन्ही ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "मिटवून टाका आपसात."

ते गेले, नोटीस राहिली. वरच्या मजल्यावरच्या मॅनेजरांनी ती वाचून मी मासळीचा धंदा काढला असा अर्थ लावला आणि भाव विचारायला आले. दुसऱ्या दिवशी मागच्या इमारतीतली एक बाई भांडं घेऊनच आली. "चार मोठे द्या, साफ करून." मी म्हणालो, विकत नाही, फक्त ठेवतो. ती म्हणाली, "मग ठेवून ठेवून करता काय?" वहिनी दारातून हे ऐकत होत्या. त्यांना एकाएकी खोकला आला आणि त्या आत गेल्या.

तिसाव्या दिवसाचा मासा दिला. पंचेचाळिसाव्या दिवसाचा दिला. या शेवटच्या माशाचे डोळे चांगले टपोरे होते, आणि लेबल जरासं तिरकं. मी ते सरळ केलं. फक्त सरळ केलं! विचार केला नाही.

निकालाच्या दिवशी रसायनतज्ज्ञ बाई स्वतः बाहेर आल्या.

"तुमचा फ्रीझर कुठल्या बनावटीचा आहे?"

"का हो?"

"साधारण असं असतं, की नीट गोठवला तर दीड महिन्यात मासा फारसा हरत नाही. प्रथिनं बरीचशी टिकतात. स्निग्धांश थोडा बिघडतो, वितळताना थोडं गळून जातं. पण थोडं तरी जातंच. तुमच्या माशात पंधराव्या दिवशी काही गेलं नाही. तिसाव्या दिवशी गेलं नाही. आणि पंचेचाळिसाव्या दिवशी," त्यांनी कागद माझ्यापुढे धरला, "तो पहिल्या दिवसापेक्षा बरा झालाय."

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आयुष्यात प्रथमच माझ्या हातून काहीतरी घडलं होतं. मी लाजाळू माणूस आहे, पण परतीच्या बसमध्ये मी उगाचच उभ्याने प्रवास केला.

बर्फ्याला अहवाल दाखवला. त्याचा फ्रीझर जगात नाव काढणार, असं मी म्हणालो. तो मान खाली घालून म्हणाला, "नको काका, मला प्रसिद्धी झेपत नाही." असा विनयशील कारागीर मी पाहिला नव्हता.

आणि मग दोन महिने भरले. डॉक्टरांकडे जाताना मी अहवाल वहीत घालून घेतला. अहवाल चांगला होता, पण अहवाल माशाचा होता. हिने गेल्या सात आठवड्यांत माझ्या डोळ्यांसमोर जे खाल्लं होतं, त्यावर चिमणीसुद्धा उडाली नसती. मी मनात दवाखान्याची पिशवी भरूनही ठेवली होती: टॉवेल, चप्पल, घोगऱ्या आवाजाचा तो रेडिओ.

ही वजनाच्या यंत्रावर चढली. डॉक्टर वाकले. मी डोळे मिटले.

"चव्वेचाळीस किलो आठशे!" डॉक्टर म्हणाले. "वा आजी! काय काय खाल्लंत?"

हिच्याआधी मीच बोललो. आनंदाने माणूस वाहवतो. वही काढून मी वाचून दाखवलं: बुधवारी ताजा मासा, एरवी अर्धं अंडं, अर्धा पेला दूध. डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "एवढ्यावर पावणेचार किलो?" तेव्हा मी अहवाल पुढे केला आणि माझं अनुमान सांगितलं, की ज्या मोठ्या फ्रीझरमध्ये जुना मासा ताज्यापेक्षा सरस होतो, तिथलीच हवा काही प्रमाणात... वाक्य मला पूर्ण करता आलं नाही. पण डॉक्टर अहवालात गढले होते. त्यांनी पेन काढलं.

"हे विलक्षण आहे. माझे तीस-चाळीस पेशंट असेच अशक्त आहेत. त्यांना सांगतो, मासा दीड महिना गोठवून मगच..."

"डॉक्टर, लिहू नका ते!" ही म्हणाली.

हिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"तो मासा दीड महिन्याचा नव्हता. फार तर सहा दिवसांचा. आधीचे मी खाल्ले."

"कधी?" मी विचारलं.

"बारा ते तीन."

मग सगळं बाहेर आलं. बर्फ्या तळमजल्यावरून मासे वर पाठवायचा, वहिनी शिजवायच्या, ही वहिनींच्या घरी बसून पोटभर जेवायची. दर बुधवारी बर्फ्या नवे मासे आणायचा आणि माझी लेबलं सोडवून त्यांना लावायचा. लेबलं जुनी होत होती. मासे दर आठवड्याला ताजे. आणि संध्याकाळी माझ्यासमोर हिला भूक नसायची, ती खरोखरच नसायची.

मला राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. हरवलेल्या पुस्तकाच्या जागी बाजारातून नवी प्रत आणून ती गुपचूप परत करणारे वाचक मी अडतीस वर्षं ओळखत आलो. नव्या प्रतीची पानं कशी करकरतात, शिक्का कसा जरा जास्तच काळजीपूर्वक मारलेला असतो, सगळं मला डोळे मिटून कळायचं. आणि टपोऱ्या डोळ्यांचा मासा तिरक्या लेबलासकट माझ्याकडे पाहत होता, तर मी त्याचं लेबल सरळ करून दिलं.

डॉक्टरांनी पेन खिशात ठेवलं. ते खूप वेळ खिडकीबाहेर बघत होते. त्यांचे खांदे हलत होते, पण मी ते पाहिलं नाही असं दाखवलं.

घरी येताना पहिल्या जिन्यावर ही म्हणाली, "रागावलात?"

"मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर तुम्ही प्रयोग बंद केला असतात. आणि मग घरात बसून माझ्याकडे बघत राहिला असतात, ऑपरेशननंतर बघायचात तसं. भीत भीत. तुम्ही मासे घेऊन हिंडायला लागलात, तेव्हा कुठे मला घास गिळता यायला लागला."

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन रसायनतज्ज्ञ बाईंना खरं काय ते सांगितलं. फार जड गेलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे आठवडाभर नीट गोठवलेला मासा ताज्याच्या तोडीचा असतो, हे तर सिद्ध झालं. तेही चार वेळा." तीन वेळा, मी म्हणालो, पहिला ताजाच होता. निदान आकडा तरी बरोबर असावा.

परतलो तेव्हा बारा वाजून गेले होते. ग्रंथालयाकडे वळलो नाही. वहिनींचं दार उघडंच होतं. ही ताटापुढे बसली होती, बर्फ्या पाण्याचे पेले भरत होता, आणि मला बघताच तो भिंतीला चिकटला.

"या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आज कधीचा आहे ते विचारणार असाल तर बाहेर बसा."

मी खुर्ची ओढून बसलो. हिने माशाचा मोठा तुकडा मोडला, सराईत बोटांनी काटे वेगळे केले, घास घेतला. सात आठवड्यांत हिला मनापासून जेवताना मी पाहिलंच नव्हतं. माझी नजर हटेना.

"अहो, असं बघू नका ना. घास अडकतो."

"बरं," मी म्हणालो, आणि खिडकीकडे तोंड करून ऐकत बसलो.